टेबलं कशीही मांडा, पण थांबायला जागा ठेवा

मुंबईतल्या कंपन्यांची ऑफिसं आखणारे वास्तुरचनाकार आणि इंटिरियर डिझायनर, तसंच त्यांना हे काम देणारे संचालक, एचआरचे आणि ॲडमिनचे प्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

मी एका खासगी कंपनीच्या अकाउंट्स विभागात 1996 पासून काम करते. राहते डोंबिवलीला. आमचं ऑफिस आधी फोर्टात होतं, मग लोअर परळच्या काचेच्या टॉवरमध्ये आलं, आणि आता तिथूनही हलायच्या बेतात आहे. गेल्या महिन्यात आम्हा सगळ्यांना एकत्र बसवून नव्या जागेची चित्रं दाखवली. चित्रं फार देखणी होती. भिंतीवर प्लास्टिकचं गवत, पायऱ्यापायऱ्यांची लाकडी बैठक, टेबल टेनिसचं टेबल, आणि हातात कॉफीचा मग घेऊन हसणारी तरुण माणसं. एका चित्राखाली ‘कोलॅबोरेशन झोन’ असं लिहिलं होतं. शेवटी आमच्या हातात एक फॉर्म दिला. खुर्चीचं कापड निळं हवं की राखाडी, एवढाच प्रश्न त्यात होता.

मी निळ्यावर खूण केली. पण घरी जाताना गाडीत सारखं मनात येत राहिलं, की तुम्ही एकमेकांशी बोलता ते कुठे, हे आम्हाला कुणी विचारलंच नाही. कुणी कधी विचारेल याची वाट बघण्यात अर्थ नाही, म्हणून आपण होऊन सांगते आहे. तुमच्यातले कुणी आमच्या ऑफिसचं काम करत असतील, कुणी दुसऱ्या कुठल्या. सगळ्यांना उद्देशूनच लिहिते.

फोर्टातली आमची जागा जुन्या दगडी इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होती. छत उंच, पंखे लांब दांड्यांचे, मागच्या बाजूला गल्लीवर उघडणारी गॅलरी. टेबलं एकमेकांना चिकटलेली, फायलींची कपाटं येण्याजाण्याच्या वाटेत. पावसाळ्यात एका कोपऱ्यात बादली लावावी लागायची. त्या जागेचे गोडवे गायला मी बसलेली नाही. बायकांसाठी एकच टॉयलेट होतं आणि त्याची कडी तीन वर्षं मोडकी होती. पण गॅलरीच्या टोकाला तिवईवर एक माठ होता. पुढे कूलर आला तरी आमचे शिपाईमामा तो माठ रोज सकाळी घासून भरत. शेजारी स्टीलचे चार पेले पालथे घातलेले असत. अकाउंट्स या टोकाला, डिस्पॅच त्या टोकाला, आणि माठ दोघांच्या मधे नसूनही दोघांच्या वाटेवर.

एका मार्चअखेरची गोष्ट. एका पार्टीच्या खात्यात 18,400 रुपयांचा फरक येत होता आणि तीन दिवस मी तो शोधत होते. बिलं तपासली, बँकेचं स्टेटमेंट तपासलं, बेरजा पुन्हा मारल्या. चौथ्या दिवशी दुपारी माठापाशी गेले तर डिस्पॅचचे एक गृहस्थ पाणी पीत उभे. मी सहज त्या पार्टीचं नाव घेऊन कुरकुरले. ते म्हणाले, “अहो, त्यांचा एक लॉट भिजलेला निघाला होता ना, परत पाठवला आपण. मग दुसरा आला.” माझ्या हातातला पेला तसाच राहिला. माल परत गेला होता, पण त्याची रक्कम वजा करायची डेबिट नोट कुणी काढली नव्हती, आणि बिलं दोन्ही चढली होती. दहा मिनिटांत खातं जुळलं. त्यांना ती गोष्ट माहीत होती, पण मला सांगायची असते हे माहीत नव्हतं. मला ती हवी होती, पण ती त्यांच्याकडे आहे याचा पत्ता नव्हता. असल्या गोष्टीसाठी मीटिंग बोलावता येत नाही, कारण कुणाला बोलवायचं हेच कळलेलं नसतं.

लोअर परळला आलो तेव्हा डिस्पॅच 11 व्या मजल्यावर गेलं आणि आम्ही 14 व्या. लिफ्टला कार्ड लागतं आणि ते ज्याच्या त्याच्या मजल्यापुरतं चालतं. जिन्यात शिरता येतं, पण दुसऱ्या मजल्याचं दार त्या बाजूनं आपल्यासाठी उघडत नाही. ते गृहस्थ त्यानंतर चार वर्षांनी निवृत्त झाले. चार वर्षांत आमची भेट मोजून पाच-सहा वेळा झाली असेल, त्यातल्या दोन वेळा खाली फुटपाथवर, चहाच्या टपरीपाशी.

आमचा मजला मात्र सगळा मोकळा केला होता. कुठे भिंत नाही, पार्टिशन नाही, या टोकापासून त्या टोकापर्यंत टेबलांच्या रांगा. भिंती गेल्या की संवाद वाढेल, असं तेव्हा आम्हाला सांगितलं होतं. झालं उलटंच. पहिल्या आठवड्यातच सगळे हळू आवाजात बोलायला लागले. पंधराएक दिवसांत शेजारच्यालासुद्धा मेसेज टाकायला लागले, आणि दोन-तीन महिन्यांत निम्म्या कानांवर हेडफोन चढले. मला वाटायचं, नवी पिढीच अबोल आहे. माझी मुलगी वास्तुरचना शिकते, तिनं माझा हा गैरसमज दूर केला. हार्वर्डमधल्या बर्नस्टीन आणि टर्बन या दोघांनी 2018 मध्ये एक अभ्यास छापला. दोन मोठ्या कंपन्यांची मुख्यालयं बंदिस्त रचनेतून मोकळ्या रचनेत गेली, तेव्हा तिथल्या माणसांच्या अंगावर सेन्सर लावून आधीचं आणि नंतरचं बोलणं मोजलं. समोरासमोरचं बोलणं सुमारे 70 टक्क्यांनी कमी झालं आणि ईमेल वाढले. मला आकड्यांची सवय आहे, तरी हा आकडा वाचून मी गप्प झाले. हे आमच्याच मजल्यावर घडताना मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

कारण सोपं आहे. सगळ्यांच्या नजरेत बसलेला माणूस स्वतःभोवती दुसरी भिंत बांधतो, हेडफोनची किंवा मान खाली घालण्याची. चाळीस जणांना ऐकू जाईल या भीतीनं तो साधा प्रश्नही विचारत नाही. ‘हे मला येत नाही, दाखव ना’ हे वाक्य चाळीस जणांसमोर कोण म्हणेल? आणि ऑफिसात शिकणं बहुतेक त्याच वाक्यानं सुरू होतं.

इथे मला माझ्या वडिलांबद्दल लिहायचं आहे. आमचा टॉवर जिथे उभा आहे त्या भागातल्याच एका गिरणीत ते साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या मागांवर होते. साच्यांच्या आवाजात बोलणं शक्यच नसायचं. माणसं खुणांनी बोलत, आणि संध्याकाळी घरी आल्यावरही वडिलांचा आवाज थोडा चढलेलाच असायचा. म्हणजे कामाच्या जागी संवाद जवळजवळ शून्य. तरीही त्यांच्या खात्यातल्या प्रत्येकाचं गाव, घर, कर्ज, कुणाची मुलगी लग्नाची झाली, हे सगळं त्यांना ठाऊक असे. ते कळे कुठे? पाळी सुटताना गेटवर. गेटसमोरच्या चहाच्या दुकानात. ज्यांची कुटुंबं गावी होती ते खाणावळीत पंगतीला बसत तिथे. या खाणावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, इतका तो मोठा व्याप होता. आणि रात्री चाळीच्या गॅलरीत. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि आमच्या घरातला पगार थांबला. मी दहा वर्षांची होते. त्या दिवसांत आम्ही तरलो ते याच ओळखींवर. कुणी तांदूळ दिले, कुणी वडिलांना हंगामी काम बघून दिलं. गेटवर उभं राहून जमलेली माणसं होती ती.

तेव्हापासून माझं एक मत झालं आहे आणि आज तेच तुमच्यापुढे ठेवते. माणसं कामाच्या टेबलाशी एकमेकांची होत नाहीत. ती होतात टेबलापासून उठून कुठेतरी जाताना, वाटेत. तुम्ही सगळा जीव टेबलांच्या मांडणीत ओतता. टेबलाशी शांतता द्या, पाठीला आडोसा द्या, तिथे आम्हाला कामच करायचं असतं. तुमची कला खरी लागणार आहे ती वाटेवर.

शिवाजी पार्कचा कट्टा डोळ्यांसमोर आणा. मैदानाच्या कडेची ती बसकी भिंत. तिची उंची अशी, की कुणीही सहज टेकावं. समोरून माणसं चालत असतात, त्यामुळे एकटं बसलं तरी अवघडल्यासारखं वाटत नाही. बोलायचं नसेल तर नुसतं बघत बसता येतं, आणि उठून जायला कुणाची परवानगी लागत नाही. किंवा गिरगावातल्या चाळीची गॅलरी घ्या. घरात जायची वाटही तीच, कपडे वाळत घालायची जागाही तीच, आणि गप्पांची बैठकही तीच. कुणी तिला ‘संवाद विभाग’ म्हटलं नाही. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत 1893 पासून सार्वजनिक गणेशोत्सव होतो आहे. माणसांना रोज एकमेकांसमोरून जावं लागतं अशाच जागेत ते रुजू शकतं.

याच्या उलट तुमचा कोलॅबोरेशन झोन. तो बहुतेक वेळा मजल्याच्या एखाद्या टोकाला असतो आणि तिकडे जायला दुसरं काही कारण नसतं. तिथे जाऊन बसणारा माणूस ‘काम सोडून बसलेला’ दिसतो. आमच्याकडे आहेत तशा बीन बॅगच्या रंगीत गोण्यांवर माझ्या वयाची, साडी नेसलेली बाई बसू शकत नाही, आणि बसली तर हात धरल्याशिवाय उठू शकत नाही. सहा वर्षांत मी त्यांच्यावर वाढदिवसाचे फोटो काढताना माणसं पाहिली आहेत, बोलताना क्वचितच.

अमेरिकेत एमआयटीच्या थॉमस ॲलन यांनी 1970 च्या दशकात संशोधन करणाऱ्या इंजिनिअरांचा अभ्यास केला होता. टेबलांमधलं अंतर वाढत गेलं तसं बोलणं झपाट्यानं घटत गेलं, आणि 50 मीटरच्या पुढे ते नावापुरतंच उरलं. मजला बदलला तर गोष्ट आणखी अवघड. म्हणून जिना. मी हात जोडून सांगते, ज्या विभागांचं एकमेकांवाचून चालत नाही त्यांना वेगवेगळ्या मजल्यांवर टाकावंच लागलं तर त्यांच्यामधे आतून एक उजेडाचा, रुंद जिना द्या. अग्निशमनाचा जिना वेगळा, त्याचे नियम वेगळे, ते मला कळतं. पण चालता चालता दोन माणसांना उभं राहता येईल एवढी ऐसपैस चौकी असलेला जिना हा एखाद्या मीटिंग रूमपेक्षा जास्त कामाचा आहे. पाणी, प्रिंटर, टपालाचे कप्पे, चहा, हे सगळं दर वीस पावलांवर देऊ नका. दोन विभागांच्या वाटा जिथे मिळतात तिथे एकदाच द्या आणि शेजारी टेकायला एक ओटा बांधा. आमचा माठ तसा होता.

आता ‘हॉट डेस्क’बद्दल. कोविडनंतर आम्ही आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला जातो. जागा वाचवायची म्हणून कुणाचंच टेबल ठरलेलं ठेवलेलं नाही. सकाळी ॲपवर जे मिळेल ते. गेल्या पावसाळ्यात आमच्या चमूतला एक मुलगा आठ दिवस आला नाही. तो विदर्भातला, इथे कांदिवलीला तिघांबरोबर खोली घेऊन राहणारा. त्याला डेंग्यू झाला होता आणि तो हॉस्पिटलमध्ये होता. आमच्या लक्षात आलं आठव्या दिवशी, तेही एक रिपोर्ट आला नाही म्हणून. कुणाला वाटलं तो दुसऱ्या रांगेत बसला असेल, कुणाला वाटलं घरून काम करत असेल. रिकामी खुर्ची दिसायला ती कुणाची तरी असावी लागते. फोर्टात कुणी अकरापर्यंत आलं नाही तर घरी फोन जायचा. मी त्या मुलाला भेटायला गेले तेव्हा तो म्हणाला, “मॅडम, तुम्ही कशाला त्रास घेतलात?” आणि भिंतीकडे तोंड वळवलं. आईच्या वयाच्या बाईसमोर रडू येऊ नये म्हणून. तो प्रसंग मी विसरू शकत नाही.

मी सकाळी 8 च्या सुमारास डोंबिवलीहून फास्ट पकडते, दादरला उतरून स्लोनं करी रोड गाठते. फास्टच्या लेडीज डब्यात पाऊण-एक तास धड उभंही राहता येत नाही. तरीसुद्धा तिथे माझ्या वीस वर्षांच्या मैत्रिणी आहेत. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू येतात, एखादी दोन दिवस दिसली नाही तर तिसऱ्या दिवशी फोन होतो. तीच गाडी, तोच डबा, तेच दार, त्याच बायका. ऑफिसात जागा कमी असेल तर टेबलं लहान करा, पण एकाच चमूला निदान एक ठरलेला कोपरा द्या, जिथे माणसं रोज त्याच माणसांच्या बाजूला बसतील. दोन-दोन तास प्रवास करून यायचं आणि त्याच मजल्यावरच्या माणसाशी हेडफोन लावून व्हिडिओवर बोलायचं, असे दिवस आमच्या वाट्याला येतात. प्रवास करून येणाऱ्यांना यायचं कारण वाटेल अशी जागा द्या.

जेवणाच्या जागेबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते ऑफिसातली सगळ्यात महत्त्वाची खोली तीच. या शहरात 1890 पासून डबेवाले माणसांपर्यंत घरचं जेवण पोचवताहेत. घरचा डबा ऑफिसात उघडणं हे मुंबईकराचं ओळख करून देणं आहे. कुणाच्या डब्यात शेवग्याची आमटी, कुणाच्या डब्यात थालीपीठ, उंधियू, दहीभात. फोर्टात आम्ही गॅलरीत तीन टेबलं जोडून सगळे एकत्र जेवायचो. कनिष्ठ, वरिष्ठ, जो मोकळा असेल तो.

26 जुलै 2005 ला तर आम्ही रात्रही तिथेच काढली. त्या दिवशी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, पण कुलाब्याला जेमतेम 74. फोर्टात आम्हाला खिडकीतून रोजचाच पाऊस दिसत होता आणि गाड्या का बंद झाल्या हे कळत नव्हतं. वीसएक जण अडकलो. शिपाईमामांनी गॅस पेटवला, खालच्या वाण्याकडून तांदूळ-मुगाची डाळ आणली आणि मोठ्या पातेल्यात खिचडी टाकली. गॅलरीत जमिनीवर कागद पसरून आम्ही जेवलो. एक्स्पोर्टचे मॅनेजर आणि त्यांच्याच गाडीचा ड्रायव्हर मांडीला मांडी लावून बसले होते. कुर्ल्याला घरी गरोदर बायको एकटी असलेला एक मुलगा सारखा फोनचा रिसीव्हर उचलून ठेवत होता, आणि आम्ही आळीपाळीनं त्याच्यासाठी नंबर फिरवत होतो. पहाटे तीनच्या सुमारास लागला. त्या रात्रीनंतर आमच्यातल्या दोन विभागांची कित्येक वर्षांची मेमोबाजी थांबली. ती पुन्हा सुरू झालेली मी पाहिली नाही.

आजच्या पॅन्ट्रीत दोनशे माणसांना दोन मायक्रोवेव्ह आहेत. गॅसला परवानगी नाही, ते सुरक्षेच्या दृष्टीनं बरोबरच असेल. पण पाऊण तासाच्या सुट्टीतली वीस मिनिटं डबा गरम करायच्या रांगेत जातात. टेबलं दोन-दोन माणसांची, उंच आणि गोल. चार डबे ठेवले की कोपरालाही जागा नाही. शेवटी निम्मे लोक आपापल्या कॉम्प्युटरसमोरच जेवतात. 2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या जागी कॅन्टीनची तरतूद आहे. कायद्याचं राहू द्या, एक गोष्ट करा. लांब टेबलं ठेवा, आठ-दहा माणसं समोरासमोर बसतील अशी, उंचीला घरच्या टेबलाएवढी. हात धुवायला बेसिन जेवायच्या खोलीतच द्या, टॉयलेटमध्ये नको. आम्ही हातानं जेवतो. बऱ्याच नकाशांत या साध्या गोष्टीचा विचार झालेला मला दिसत नाही. आणि त्या खोलीला खिडकी द्या.

खिडकीवरून आठवलं. काचेच्या टॉवरमध्ये उजेडाचा तोटा नसेल असं वाटतं. प्रत्यक्षात मुंबईचं ऊन काचेतून आत येतं म्हणून पडदे खाली ओढलेले असतात आणि भर दुपारी आत दिवे जळतात. काचेलगतची जागा केबिनना दिलेली. आम्ही सकाळी साडेनऊला आत जातो आणि बाहेर पाऊस आहे की ऊन हे फोनवर बघतो. जुन्या मुंबईनं हा प्रश्न सोडवला होता. दादाभाई नौरोजी रस्त्यावर कमानींखालून सावलीत चालता येतं, मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारतींना खिडकीवर छज्जा आहे. युनेस्कोनं 2018 मध्ये या इमारती जागतिक वारशात घेतल्या. आपण त्यांच्याकडून निदान छज्जा तरी घ्यावा. आणि बाहेर एखादं झाड दिसत असेल तर त्या खिडकीपाशी केबिन नको, सगळ्यांची बसायची जागा असू द्या. रॉजर उलरिक यांनी 1984 मध्ये पेनसिल्वेनियातल्या एका हॉस्पिटलच्या नोंदी मांडल्या होत्या. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या ज्या रुग्णांना खिडकीतून झाडं दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना कडक वेदनाशामकं कमी लागली. भिंतीवरच्या प्लास्टिकच्या गवतावर होणाऱ्या खर्चात चार कुंड्या आणि त्यांना पाणी घालणाऱ्या माणसाचा पगार नक्की बसेल.

एसीचं काय सांगू. मे महिन्यात आमच्या मजल्यावर बायकांच्या जवळजवळ प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर शाल किंवा स्वेटर असतो. 2015 मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी दाखवून दिलं की इमारतींच्या तापमानाचं प्रमाण 1960 च्या दशकात ठरलं तेव्हा हिशेबात 40 वर्षांचा, 70 किलोचा पुरुष धरला होता. घरगुती एसी आता 24 अंशांवर लावलेले येतात, जानेवारी 2020 पासून तसा नियमच आहे. ऑफिसातही तिथून सुरुवात करायला काय हरकत आहे? आम्ही विनंती केली की उत्तर मिळतं, सेंट्रल आहे, बदलता येत नाही. नव्या जागी बदलता येईल असंच बसवा.

बोलायच्या जागांबद्दल इतकं लिहिलं, आता न बोलायच्या जागेबद्दल. दोन वर्षांपूर्वी आमच्यातल्या एकीला फोन आला की तिची आई गेली. दुपारचे साडेतीन वाजले होते. ती उठून टॉयलेटमध्ये गेली, तिथे तिघी रांगेत. बाहेर आली तर चाळीस जणांच्या नजरा. मीटिंग रूम काचेच्या, आणि त्याही बुक झालेल्या. मी तिला धरून फायर एक्झिटच्या जिन्यात घेऊन गेले. 14 आणि 15 व्या मजल्यांच्या मधल्या चौकीवर हाउसकीपिंगच्या मावशी भिंतीला टेकून डबा खात बसल्या होत्या. त्यांनी आमच्याकडे एकदा पाहिलं, काही विचारलं नाही. डब्यावर झाकण ठेवलं, खालचा कागद झटकला आणि तो आमच्यासाठी पसरून दिला. स्वतःच्या बाटलीतलं पाणी तिला पाजलं आणि जिन्याचं दार धरून उभ्या राहिल्या, कुणी मधेच येऊ नये म्हणून.

पन्नास कोटींच्या त्या मजल्यावर, किंवा जे काही भाडं असेल ते देऊन घेतलेल्या जागेत, एका बाईला आईसाठी रडायला जागा नव्हती. एक लहानशी खोली, दाराला आतून कडी, एक आरामखुर्ची, पाण्याची बाटली. डोकेदुखीच्या दिवशी, पाळीच्या पहिल्या दिवशी, नमाजाला, बाळासाठी दूध काढायला, ती लागणारच असते. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय करणं 2017 च्या मातृत्व लाभ दुरुस्तीनं सक्तीचं केलं आहे आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभा दिली आहे. हे तुमच्या नकाशावर पहिल्या दिवसापासून असायला हवं. नंतर स्टोअररूम रिकामी करून नको.

आणि त्या मावशी रोज तिथेच जेवतात. 14 आणि 15 च्या मधे. आमच्या पॅन्ट्रीत त्यांना बसू नका असं कुणी लिहून लावलेलं नाही, पण त्या बसत नाहीत, आणि का बसत नाहीत हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. लॉबीतला सिक्युरिटीचा पोरगा बारा तास उभा असतो. केरळनं 2018 मध्ये आणि तामिळनाडूनं 2021 मध्ये दुकानांतल्या कामगारांना बसायला जागा देणं कायद्यानं बंधनकारक केलं. आपल्या ऑफिसांत तुमच्या पेन्सिलीच्या एका रेघेनं ते होऊ शकतं. लॉबीच्या चित्रात एक खुर्ची काढा. जेवणाच्या खोलीत बसणाऱ्यांची संख्या मोजताना हाउसकीपिंग, सिक्युरिटी, ड्रायव्हर, चहावाला हे सगळे धरा. कर्मचाऱ्यांचं स्वास्थ्य म्हणताना कर्मचारी कोण, हे ठरवण्यात तुमचा हात आमच्यापेक्षा मोठा आहे.

माझी शेवटची विनंती. नकाशा पक्का करण्याआधी आमच्याकडे एक पूर्ण दिवस येऊन बसा. कॅमेरा, फॉर्म, प्रेझेंटेशन काही नको. सकाळी माझ्याबरोबर दादरला स्लो पकडा, म्हणजे माणसं ऑफिसात शिरतात तेव्हा किती थकलेली असतात हे अंगाला कळेल. अकरा ते एक नुसतं बघा, कोण उठतं, कुठे जातं, कुणापाशी थांबतं, थांबता थांबता का पुढे जातं. एक वाजता माझ्याबरोबर जेवा, डबा मी दोघांचा आणेन. मायक्रोवेव्हची रांग नको असेल तर गारच खाऊ. जेवण झालं की मी तुम्हाला जिन्यातली ती चौकी दाखवेन. दीडच्या सुमाराला मावशी तिथे असतात. नव्या ऑफिसात त्यांना कुठे बसायला आवडेल, हे त्यांनाच विचारा.

आपली नम्र,
अकाउंट्समधली एक कर्मचारी
डोंबिवली